हँडब्रेक ओढलेला होता

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी सैन्याने मोडीत काढलेली एक ‘वन टन’ विकत घेतली, तेव्हा ती चालेल की नाही याची मला फार काळजी होती. ती एका जागी धड उभी राहील की नाही, ही शंका मात्र मनाला शिवलीही नव्हती. पुढच्या सात महिन्यांत गाडी चालती करण्यासाठी जेवढे कष्ट पडले, त्याच्या दुप्पट कष्ट तिला उचलण्यात, टेकवण्यात आणि जागच्या जागी राखण्यात गेले. त्या कष्टांचीच ही हकिकत आहे.

ज्यांनी ही गाडी पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. जबलपूरच्या सरकारी कारखान्यांतून सैन्यासाठी जी वाहने निघाली, त्यांत जर्मनीच्या मान कंपनीच्या आराखड्यावरचा शक्तिमान हा थोरला, आणि निसानच्या आराखड्यावर बनलेल्या वन टन व जोंगा ही धाकटी भावंडे. (‘जोंगा’ हे नाव जपानी आहे असे पुष्कळांना वाटते; प्रत्यक्षात ती जबलपूरच्या कारखान्यांच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आहेत.) वन टनला सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, गरज पडेल तेव्हा चारही चाकांना मिळणारा जोर, मागे उघडा हौदा आणि पुढे कसलाही नखरा नसलेले तोंड. माझी गाडी मी थेट लिलावातून घेतली नाही. आधीच्या मालकाने नोंदणीचे सोपस्कार पूर्ण केले होते आणि रंगही बदलला होता, कारण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज इतर कोणालाही लावता येत नाही. तरीही गाडी पावसात भिजली की मागच्या फाळक्यावर, नव्या राखाडी रंगाच्या खालून, सैन्याच्या जुन्या क्रमांकातला वर टोक असलेला बाण आणि त्यापुढचे वर्षाचे दोन अंक पुसट उमटतात. ते घासून काढण्याची इच्छा मला अजून झालेली नाही.

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या गल्लीत ही गाडी उभी करणे म्हणजे समोरच्या दोन घरांचा रस्ता बंद करणे होते. म्हणून राऊच्या पुढे, आग्रा-मुंबई रस्त्यापासून थोड्या आत असलेल्या माझ्या मावसभावाच्या प्लॉटवर ती ठेवायची असे ठरले. प्लॉटला तीन बाजूंनी भिंत, एका कोपऱ्यात पत्र्याची अर्धी शेड आणि बाकी सगळी माळव्याची काळी माती. एप्रिलमध्ये ती माती दगडासारखी कडक होती आणि तिला पडलेल्या भेगांत माझी बोटे सहज जात होती. त्या कडकपणावर मी विश्वास ठेवला, ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक अधिक मोठी होती. मागचे डावे चाक आठवड्यातून दोनदा हवा सोडत होते, म्हणून एका रविवारी संध्याकाळी ते काढून पंक्चरवाल्याकडे नेण्याचे मी ठरवले. मोटारीचे चाक आयुष्यात वीस-पंचवीस वेळा बदललेले असल्यामुळे मला यात काही विशेष वाटले नाही. हँडब्रेक पूर्ण ओढला, गिअर न्यूट्रलमध्येच राहू दिला, चाकाचे नट पाऊण फेरा सैल केले, डाव्या बाजूला कमान-पाट्यांच्या जवळ एक्सलखाली बाटलीच्या आकाराचा दहा टनी हायड्रॉलिक जॅक ठेवला आणि जॅकखाली उंची पुरावी म्हणून एक वीट सरकवली. माझा भाचा शेजारी टॉर्च धरून उभा होता. टायरचा फुगवटा हळूहळू कमी झाला, टायर जमिनीपासून सुटला, आणि आणखी दोन-तीन दांडे मारतो तोच गाडी पुढे निघाली.

ती फार दूर गेली नाही, जेमतेम वीतभर सरकली. पण तेवढ्यात जॅक तिरका झाला, विटेचे दोन तुकडे झाले आणि एक्सल धाडकन खाली आला. चाक जागेवरच होते म्हणून तो चाकावर आला. ते काढून झाले असते तर ब्रेकच्या ड्रमवर आला असता, आणि माझा हात तेव्हा कुठे असता याचा विचार मी आजही पूर्ण करत नाही. नुकसान म्हणाल तर जॅकचा दांडा वाकला आणि एक वीट गेली. भाच्याने मात्र एक गोष्ट पाहिली होती, जी मला दिसली नव्हती. तो म्हणाला, “मामा, गाडी पुढे गेली, पण वर उचललेलं चाक उलटं फिरलं.”

मला ते खोटे वाटले. भीतीने पोराला भास झाला असेल असे समजून मी हँडब्रेकची दांडी पुन्हा ओढून पाहिली. ती पक्की होती. गाडीला खांदा लावून रेटून पाहिले, तर गाडी तसूभर हलेना. म्हणजे ब्रेक ठीक होता, उतार नावापुरता होता, आणि तरीही गाडी निघाली होती. मी त्या रात्री झोपेपर्यंत या कोड्यात होतो.

उत्तर महूला मिळाले. तिथे माझ्या वडिलांचे एक जुने स्नेही राहतात. सैन्याच्या वाहनांची आणि यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्या ईएमई दलातून ते सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि आम्ही सगळे त्यांना सुभेदार काका म्हणतो. मी घडलेला प्रकार सांगितला, तेव्हा त्यांनी जॅक किती टनांचा, जमीन कशी, यातले काहीच विचारले नाही. त्यांनी एवढेच विचारले, “उचललेलं चाक कोणत्या बाजूला फिरलं?”

“उलटं, असं भाचा म्हणतो.”

“मग भाचा बरोबर आहे आणि तू चूक आहेस.”

नंतर त्यांनी चहाच्या दोन बशा आणि एक पेन्सिल घेऊन जे समजावले, ते असे. आपल्या नेहमीच्या मोटारीत हँडब्रेक मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्रपणे धरून ठेवतो. त्यामुळे एक चाक उचलले तरी दुसरे चाक धरलेलेच राहते. माझ्या वन टनमध्ये मात्र हँडब्रेकचा ड्रम चाकांवर नाही. तो ट्रान्सफर केसच्या, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या एक्सलांना वाटणाऱ्या पेटीच्या मागे, मागच्या एक्सलकडे जोर नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या तोंडाशी आहे. हँडब्रेक ओढला की चाके थेट धरली जात नाहीत, फक्त शाफ्ट धरला जातो. दोन्ही मागची चाके जमिनीवर असतील तोवर याने काहीही बिघडत नाही, कारण शाफ्ट न फिरता दोन्ही चाके एकाच दिशेने फिरू शकत नाहीत. पण एक चाक हवेत गेले की मधला डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा दातेरी चाकांचा जोड, मोकळा होतो. शाफ्ट जागच्या जागी असताना जमिनीवरचे चाक जितके पुढे फिरेल, तितकेच हवेतले चाक मागे फिरते. म्हणजे हँडब्रेक आपले काम चोख बजावत असतानाच गाडी खुशाल उतारावरून चालू लागते. चाक पुन्हा जमिनीला टेकताक्षणी ती थांबते, आणि माझी गाडी वीतभर जाऊन थांबली होती ती याच कारणाने. खांदा लावून रेटल्यावर ती हलली नाही, तेही याच कारणाने.

मी पेशाने हिशेबनीस आहे. पण शाळेत असताना डिफरन्शियलचे चित्र वहीत काढून त्याला पैकीच्या पैकी गुण मिळवले होते, हे मला त्या क्षणी उगीचच आठवले.

पुढच्याच रविवारी काका स्वतः प्लॉटवर आले. त्यांनी आणलेल्या पोत्यात बाभळीच्या लाकडाचे चार तिकोनी गुटके होते, प्रत्येकाच्या पाठीला दोरीचा फास. उंची साधारण २० सेंटिमीटर. चाकाच्या व्यासाच्या पाव पटीपेक्षा गुटका बुटका असेल, तर चाक त्यावर चढून जाते, हा त्यांचा ठोकताळा. गुटका चाकाजवळ नुसता ठेवून चालत नाही. तो टायरला भिडवून हातोडीने एक ठोसा द्यायचा आणि मग गाडी त्यावर किंचित बसू द्यायची. दोरी अशासाठी की गुटका काढताना हात चाकाखाली जाऊ नये. ज्या टोकाचे चाक उचलायचे, त्याच्या विरुद्ध टोकाच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून असे चार गुटके लागतात. मागचे उचलायचे तर पुढच्या चाकांना, पुढचे उचलायचे तर मागच्या. शिवाय गाडी फोर व्हीलमध्ये टाकून पहिला गिअर घालायचा, म्हणजे पुढच्या एक्सललाही शाफ्टची धरण मिळते. “पण ही सगळी जास्तीची सोय,” ते म्हणाले. “भरवसा गुटक्यावर. आमच्याकडे गुटके लागल्याशिवाय जॅकला हात लावणारा पोरगा मी चार चकरा पळवायचो.”

जॅक कुठे ठेवायचा यावरही माझा एक गैरसमज होता. सैन्याच्या ट्रकच्या मागच्या डिफरन्शियलचा गोळा पांढऱ्या रंगाने रंगवलेला असतो. माझ्याही गाडीचा तो तसाच होता. आधीच्या मालकाने खाली वाकून राखाडी रंग मारण्याचे कष्ट घेतले नव्हते. मला वाटले होते की ही जॅक लावण्याची खूण. काका यावर मनापासून हसले. रात्री दिवे न लावता ताफा चालतो, तेव्हा गाडीच्या पोटाखालचा एक मिणमिणता दिवा त्या पांढऱ्या गोळ्यावर पडतो आणि मागून येणाऱ्या चालकाला तेवढाच ठिपका दिसतो. त्या रंगाचा जॅकशी काही संबंध नाही. गोळ्याखाली मधोमध जॅक लावला तर गाडी तराजूच्या काट्यासारखी दोन्ही बाजूंना डुलते. जॅक हवा एक्सलच्या नळीखाली, कमान-पाटे एक्सलला आवळणाऱ्या यू-बोल्टच्या शक्य तितक्या जवळ. चासीखाली लावला तर कमानी आधी पूर्ण ताणल्या जातात आणि गाडी हातभर वर गेली तरी चाक जमिनीवरच राहते.

गाडीचे वजन मला माहीत नव्हते हे कळल्यावर ते जरा नाराज झाले. तेव्हा आम्ही ती तोलकाट्यावर नेली. आधी पुढची दोन चाके काट्यावर चढवून वजन केले, मग संपूर्ण गाडीचे. पुढचा एक्सल १,३८० किलो, सगळी मिळून २,८४०, म्हणजे मागचा १,४६०. एका मागच्या चाकावर ७३० किलो. दहा टनी जॅकला हे काहीच नाही, असे मी म्हणालो. त्यावर काकांनी जमिनीकडे बोट दाखवले. जॅकचा तळ १२ सेंटिमीटर चौरस, म्हणजे १४४ चौरस सेंटिमीटर. त्यावर ७३० किलो, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरला पाच किलो. हा बोजा जॅक सहज पेलतो. त्याच्याखाली काळी माती आहे आणि उद्या पाऊस पडणार आहे, हा खरा प्रश्न. आणि वीट तर नाहीच. वीट भिंतीत शेजारणींच्या आधाराने भार घेते, एकटी पडली की फुटते.

या हिशेबाने मला पहिल्यांदा जाणवले की माझे काम चाक बदलण्यापुरते नाही. जून ते सप्टेंबर गाडी चालवण्याचा माझा विचार नव्हता. मीच तिच्या हौद्याचे पत्रे आणि ब्रेकचे सिलिंडर सावकाश काढून दुरुस्त करणार होतो. म्हणजे संपूर्ण पावसाळा ती एकाच जागी, तीही माळव्याच्या काळ्या मातीवर राहणार होती. ही माती उन्हात आकसते आणि पाणी प्यायली की फुगते. ज्यांची घरे या मातीवर आहेत त्यांच्या भिंतींना जाणाऱ्या तिरक्या तड्यांवरून हे इंदूरच्या कोणालाही सांगता येईल. अशा जमिनीवर चार घोड्या, म्हणजे एक्सलखाली लावायचे लोखंडी टेकू ठेवून वर अडीच-तीन टनांची गाडी ठेवायची, तर आधी जमीन बदलणे भाग होते.

मे महिन्याचे दोन आठवडे यात गेले. शेडच्या पुढच्या बाजूला गाडीच्या मापाचा तुकडा आखून आम्ही दीड फूट काळी माती उपसली. दोन मजूर, मावसभाऊ आणि मी. खड्ड्यात मुरूम टाकला, तोही एकदम न टाकता अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या तीन थरांत. प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस केला. तिसऱ्या थरानंतर धुम्मस आपटला की हाताला झिणझिण्या येऊ लागल्या, तेव्हा मजुरांपैकी वडीलधारे होते ते म्हणाले की आता पुरे. पृष्ठभाग आम्ही मुद्दाम शेडकडे अगदी थोडा उतरता ठेवला, रस्त्याकडे नाही, म्हणजे काही चुकलेच तर गाडी भिंतीकडे जाईल आणि माणसांकडे नाही.

घोड्यांखाली ठेवायला लाकडी स्लीपर मिळाले. रतलाम–इंदूर–महू हा पट्टा पूर्वी मीटरगेजचा होता, आणि तसल्या मार्गांवरचे जुने स्लीपर भंगारवाल्यांकडे अजून अधूनमधून सापडतात. सहा फूट लांब, आठ इंच रुंद, साडेचार इंच जाड. डांबर आणि तेल पिऊन काळे पडलेले. आरा मशीनवर त्यांचे दोन-दोन फुटांचे तुकडे करून घेतले. असे तीन तुकडे एकमेकांना खेटून ठेवले की दोन फूट चौरसाची बैठक होते. मागच्या एका कोपऱ्याचे ७३० किलो आता सुमारे ३,७०० चौरस सेंटिमीटरवर पसरले, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरला जेमतेम दोनशे ग्रॅम. पाच किलोंचे दोनशे ग्रॅम झाले. हिशेबनीसाला याहून समाधान देणारी बेरीज-वजाबाकी माझ्या माहितीत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागण्याआधी, गाडी चढवली. काकांनी इथे माझा बेत बदलला. मी चारही चाके काढून गाडी घोड्यांवर ठेवणार होतो. त्यांच्या मते ज्या गाडीभोवती घरातली माणसे, मजूर आणि कुत्री वावरणार आहेत, ती पूर्णपणे घोड्यांवर टांगून ठेवणे बरोबर नाही. चाके राहू द्यावीत, घोड्यांनी भार घ्यावा आणि टायर जमिनीला टेकलेले असावेत, म्हणजे कधी घोडी हललीच तर गाडी बोटभर खाली बसेल, कोसळणार नाही. शिवाय चाकांना गुटके लावता येतील. महिनोन्महिने एकाच जागी भार पडून टायर चपटे होतात, तेही यात टळते. ज्या चाकावर काम असेल तेवढेच त्या दिवशी काढायचे आणि संध्याकाळी परत बसवायचे.

कामाचा क्रम असा होता. आधी सगळ्या टायरांत हवा भरली. पुढच्या चाकांना गुटके ठोकले. मागच्या डाव्या बाजूला स्लीपरच्या तुकड्यावर जॅक ठेवला आणि तो ओळंब्याने सरळ आहे हे पाहिले, कारण उचलताना एक्सल सरळ वर न जाता किंचित चाप घेत जातो आणि जॅक त्याच्याबरोबर झुकतो. दहा-बारा दांडे मारले की थांबायचे, मागे सरकून जॅककडे लांबून पाहायचे, झुकला असेल तर उतरवून पुन्हा लावायचा. असे आम्ही पहिल्या चाकाला तीनदा केले. टायर अंगठ्याएवढा सुटल्यावर एक्सलखाली घोडी सरकवली, तिची पिन घातली आणि जॅकचा स्क्रू सावकाश सोडून भार घोडीवर घेतला. हायड्रॉलिक जॅकवर गाडी ठेवून निघून जायचे नसते. आतल्या रबरी वॉशरमधून तेल झिरपते आणि रात्रीतून जॅक आपोआप बसतो. माझा नवा जॅकही एका रात्रीत अर्धा इंच बसला होता, हे मी जड पेटीखाली ठेवून पाहिले होते.

मग घोडीखाली पातळ पट्ट्या घालून किंवा काढून उंची जुळवण्याचा सगळ्यांत वेळखाऊ भाग आला. टायर टेकलेला हवा, पण त्यावर भार नावापुरता हवा. हे कसे ओळखायचे? काकांनी खिशातून विजेचे जुने बिल काढले, घडी उलगडली आणि टायरखाली घातले. ते अजिबात न अडता निघाले तर टायर हवेत आहे. ओढल्यावर फाटले तर भार जास्त आहे. अडखळत, करकरत, पण अखंड निघाले तर बरोबर. चार चाकांना चार बिले लागली, त्यांपैकी दोन फाटली. दुपारी चारला सुरू केलेले हे काम अंधार पडेपर्यंत चालले, आणि शेवटी काकांनी हौद्याचा काठ धरून गाडीला पूर्ण अंगाचा रेटा दिला. घोड्या हलल्या नाहीत. हा रेटा गाडीखाली जाण्याआधी द्यायचा असतो. नंतर द्यायला माणूस बाहेर असेलच असे नाही.

नटांबद्दल एक सांगायचे राहिले. मागच्या डाव्या चाकाचे नट त्या पहिल्या रविवारी मला पाऊण फेरा सैल करता आले, हे माझे नशीब. उजव्या बाजूचे नट नेहमीप्रमाणे, पण डाव्या बाजूचे आटे उलटे आहेत; चाकाच्या फिरण्याने नट सैल होऊ नयेत म्हणून जुन्या ट्रकांत अशी योजना असते. बोल्टच्या तोंडावर एल आणि आर ही अक्षरे कोरलेली असतात, पण ती ग्रीस आणि मातीखाली गाडली गेलेली. मी योग्य दिशेला जोर लावला होता तो केवळ आधी चुकीच्या दिशेला लावून दमलो होतो म्हणून. चाकांना लॉक रिंग, म्हणजे टायर रिमवर अडकवून ठेवणारे लोखंडी कडे आहे, त्यामुळे चाक उतरवण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून पूर्ण हवा सोडायची आणि टायर रिमवरून काढण्याचे काम पिंजरा असलेल्या दुकानातच करून घ्यायचे, हे काकांनी मला इतक्या कडक शब्दांत सांगितले की त्यावर प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. तशी रिंग उडाली तर ती माणसाला वाचवत नाही.

गाडी घोड्यांवर बसल्यावर हँडब्रेक सोडून ठेवला. ओलाव्यात चार महिने आवळून ठेवलेले शू ड्रमला चिकटून बसतात, आणि तसेही आता त्याच्यावर काही अवलंबून नव्हते. पेट्रोल टाकीतून काढून टाकले, कारण हल्लीच्या पेट्रोलमधले इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. बॅटरी घरी आणली.

चोरीची गोष्ट वेगळी होती. या गाडीला किल्लीच नाही. स्विच फिरवा, बटण दाबा, इंजिन सुरू. लढाईच्या वेळी किल्ली कोणाच्या खिशात आहे हे शोधत बसायचे नसते, हे ठीक. पण राऊच्या प्लॉटवर ही सोय सोयीची नव्हती. काकांनी डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडले आणि आतला रोटर बोटांनी उपटून माझ्या हातावर ठेवला. अंगठ्याएवढा काळा तुकडा, वर पितळेची छोटी पट्टी. हा नसला की ठिणगी कुठल्याच प्लगपर्यंत पोहोचत नाही. तो मी आईकडे दिला आणि तिने तो देवघराच्या खणात, कापराच्या डबीशेजारी ठेवला. घोड्यांवर उभी असलेली गाडी कोणी चालवत नेणार नव्हतेच. खरी भीती भंगारासाठी सुट्या वस्तू नेणाऱ्यांची होती. म्हणून जादा चाकात आणि चासीत साखळी ओवून कुलूप लावले, टाकीच्या झाकणाला कुलूप लावले आणि जॅक, पाने, गुटक्यांचा जादा जोड शेडच्या आतल्या कपाटात गेला. सियागंजातून आणलेली ताडपत्री हौद्याच्या कमानींवर टाकून ती चारी बाजूंनी वीतभर वर बांधली, जेणेकरून खालून वारा खेळावा. चहूबाजूंनी जमिनीपर्यंत झाकलेली गाडी आतून गंजते आणि उंदरांना आयते घर मिळते. उंदीर तरी आलेच. त्यांनी सीटचा एक कोपरा खाल्ला.

पावसाळ्यात दर रविवारी मी गवंड्याची पाण्याची नळी घेऊन जात असे. भिंतीवर खडूने एक रेघ मारलेली होती, आणि चारही घोड्यांच्या माथ्याची उंची त्या रेघेशी ताडून वहीत लिहीत असे. जुलै संपेपर्यंत सगळे आकडे जागेवर होते. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पुढची उजवी घोडी ११ मिलिमीटर खाली गेलेली आढळली. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. शेडच्या पत्र्याची पागोळी बरोबर त्या स्लीपरच्या कडेला पडत होती आणि मुरमाच्या कडेला लागून असलेली काळी माती तिथे चिखल झाली होती. त्या पावसातच कुदळीने चर खणून पाणी भिंतीकडे वळवले. पाऊस उघडल्यावर मागच्या चाकांचे गुटके पुन्हा ठोकून पाहिले, तो कोपरा जॅकने उचलला, घोडीखाली लोखंडी पत्र्याचे दोन तुकडे घातले आणि विजेच्या बिलाने पुन्हा भार जुळवला. तेव्हा मी एकटाच होतो. काकांना फोन करावासा वाटला, पण केला नाही. गाडीखाली मात्र त्या दिवशी शिरलो नाही, कारण एकट्याने काम करताना गाडीखाली जायचे नाही हा नियम भाच्याने माझ्याकडून वदवून घेतलेला आहे.

खंडेनवमीच्या सकाळी गाडी उतरवली. क्रम उलटा, आधी पुढची बाजू, मग मागची, आणि गुटके सर्वांत शेवटी. हँडब्रेक आधी ओढला आणि चारही चाके जमिनीवर आल्यावर तो धरतो की नाही हे गुटके हातभर लांब ठेवून तपासले. आईने रोटर देताना विचारले, “एवढ्याशा पितळी जिभेवाचून चालत नाही का तुझी गाडी?” नवे पेट्रोल, बॅटरी, रोटर एवढे झाल्यावर इंजिनाने सहा-सात वेळा नकार दिला आणि मग ते सुरू झाले. पाने, जॅक आणि बाभळीचे गुटके पाटावर मांडून त्यांना हळद-कुंकू वाहिले. काका सपत्नीक आले होते आणि त्यांनी गुटक्यांना दोनदा कुंकू लावले.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, गाडी महूपर्यंत नेऊन आणली. चाके काढून बसवली असली की पन्नासएक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून पाहायचे असतात, म्हणून परत आल्यावर इंजिन गरम असतानाच पाना घेऊन बसलो. उजव्या बाजूचा एकही नट हलला नाही. मागच्या डाव्या चाकाच्या दोन नटांनी पाव-पाव फेरा घेतला, आणि या वेळी मी ते पहिल्याच प्रयत्नात बरोबर दिशेला फिरवले.